पंचामृतातली साखर

पिढीजात शाकाहारी घराला एक ऐट असते. ती कुणी बोलून दाखवत नाही. पण लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखी ती सगळ्या मजकुराच्या वर, मधोमध छापलेली असते. आमच्या घरातही होती. कुणी अंड्याचा केक आणला तर आई त्याला हात न लावता नुसत्या नजरेने उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायची. प्रवासात ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी दिसली की आम्हा सगळ्यांचे खांदे एकदम सैल व्हायचे, मग आतल्या भाजीत काय काय बुडालेलं का असेना. अशा घरात माझी भाची नोकरीच्या निमित्ताने पुण्याला राहायला आली आणि आल्या दिवशीच तिने जरा संकोचत सांगितलं, की ती आता व्हीगन झाली आहे. आईला ऐकू कमी येतं. नात काहीतरी झाली आहे, एवढं तिला कळलं. “बरं झालं गं बाई,” म्हणून तिने देवापुढचा पेढा तिच्या हातावर ठेवला.

तो पेढा बराच वेळ तिच्या तळहातावर होता. पिवळसर अंगावर साच्याची नक्षी, मधोमध वेलदोड्याचा एक काळा दाणा रुतलेला, आणि कडेला आईच्या अंगठ्याचा पुसट ठसा. साक्षीच्या पिंजऱ्यात अचानक सख्खा मामा उभा राहिल्यावर वकिलाने पाहावं, तशी ती त्याच्याकडे पाहत होती. शेवटी तिने तो हळूच माझ्या हातावर सरकवला आणि मी खाल्ला. पुढे घरात ती माझी कायमची नेमणूकच झाली.

व्हीगन म्हणजे काय, हे आम्हाला टप्प्याटप्प्याने उमगत गेलं. मांस, मासे, अंडी नाहीत, हे तर आमच्याच पंथातलं. पण दूध नाही, दही नाही, तूप नाही, मध नाही, रेशीम, लोकर, चामडं नाही. जनावराकडून जे जे त्याला न विचारता घेतलं जातं ते काहीच नाही. आमच्या फ्रिजचे सगळे कप्पे तर एका म्हशीच्या नावावर होते. बायको सुरुवातीला धास्तावली. पण भाची म्हणाली, “मामी, तुला माहीत नाही, निम्मी व्हीगन तू आधीपासूनच आहेस.” आणि आठवायला बसल्यावर ते खरं निघालं. पिठलं-भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ. बायकोच्या कोकणातल्या माहेरची सोलकढी आणि नारळाच्या रसातले शिरवाळे. गोव्याच्या शेजारणीकडून येणारं खतखतं. यात कुठेच जनावर नव्हतं. जनावर यायचं ते सणावाराला, श्रीखंडातून, बासुंदीतून, पुरणपोळीवरच्या तुपातून. कुण्या एका घरात परवडत नाही म्हणून जे ताटात नव्हतं, ते हिच्या ताटात पटत नाही म्हणून नव्हतं. ताटं मात्र अगदी सारखी दिसत होती.

घरातलं जेवण असं चटकन मिटलं. खरी यात्रा सुरू झाली ती दुकानात. ती पाकिटं वाचते. समोरची बाजू नाही. मागची, जिथे अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात. आपण हिरवा ठिपका पाहिला की निर्धास्त होतो. पण आपल्या कायद्याने मांसाहाराची व्याख्या करताना दूध, मध, मेण आणि लाख यांना मोठ्या मनाने बाहेर ठेवलं आहे, त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या आड एक अख्खा गोठा आणि एक मोहोळ सुखाने नांदू शकतं. 2022 साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम झाले, त्यांचं वेगळं चिन्हही आलं; आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मात्र ते अजून क्वचितच उगवतं. तेव्हा हिला वाचण्यावाचून गत्यंतर नाही. बिस्किटात दुधाची भुकटी, वेफर्सच्या मसाल्यात दह्याची भुकटी. लिपस्टिकच्या लालीत निवडुंगावर जगणारे किडे वाळवून, दळून काढलेला रंग. वाण्याकडे रांग लागलेली असते आणि ही आपली पाकीट उजेडाकडे तिरपं धरून उभी. मागचा माणूस खाकरतो. मी त्याच्याकडे बघून ओशाळं हसतो, जणू पाकीट मीच लिहिलं आहे.

औषधाच्या दुकानातला प्रसंग तर फारच नाजूक होता. पुण्यात इतकं ऊन पडतं आणि तरीही ऑफिसांत बसून बसून सगळ्यांचं ‘ड’ जीवनसत्त्व कमी. तसं हिचंही निघालं. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे हाडं आणि कातडी उकळून काढलेलं. आतलं डी-थ्री मेंढीच्या लोकरीला जी मेणचट चरबी असते तिच्यापासून केलेलं. तिने दुकानदाराला विचारलं, दुसरं काही आहे का? त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, हे औषध आहे, नैवेद्य नाही.” शेवटी शोधून शोधून तिने परदेशी बनावटीची एक बाटली मागवली. तिच्यातलं डी-थ्री लायकेनपासून काढलेलं होतं. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, झाडाच्या सालीवर नाहीतर खडकावर थाटलेला. मी आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे दगडफूलच की रे. ते तर आपल्या गोड्या मसाल्यात असतं.” जात दोघांचीही लायकेनचीच, हे खरं. बाटलीची किंमत मी आईला सांगितली नाही. तेवढ्या पैशात वर्षाचा मसाला झाला असता.

पण मला सांगायचंय ते साखरेबद्दल.

भाचीने कुठेतरी वाचलं होतं की साखर पांढरीशुभ्र करण्यासाठी ती गुरांच्या हाडांच्या कोळशातून गाळतात. तिचा चहा त्या दिवसापासून दुःखी झाला. दूध आधीच गेलं होतं, आता साखरही चालली. माझा एक चुलतभाऊ सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात जन्मभर केमिस्ट होता. त्याला फोन लावला. तो खुशीत आला. निवृत्त केमिस्टला कोण विचारतंय! “हाडंबिडं तिकडं अमेरिकेत, काही रिफायनऱ्यांत,” तो म्हणाला. “आपल्याकडं चुना आणि गंधकाचा धूर. रसात चुन्याची निवळी सोडायची, गंधकाचा वायू सोडायचा, मळ खाली बसतो, वर निवळ रस. काळजी करू नको गं बाळ, साखर एकदम शाकाहारी.” भाचीचा चेहरा उजळला. पंचामृतातली चार अमृतं तिने केव्हाच वजा केली होती, दूध, दही, तूप आणि मध. पाचवं तेवढं तिच्या वाट्याला शिल्लक राहिलं, याचा तिला आनंद झाला. गुळाचीही चौकशी झाली. गुऱ्हाळात रसाचा मळ काढायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरतात, हे ऐकून तर ती भेंडीवरही प्रसन्न झाली. एरवी ती भेंडी खात नाही.

पुढे हंगामात आम्ही चुलतभावाकडे गेलो. रात्री उशिरा कारखान्याच्या रस्त्याला लागलो आणि समोर उसाच्या बैलगाड्यांची रांग आली. कंदिलाच्या जागी हल्ली गाडीच्या मागे लाल चमकता कागद चिकटवतात. आमच्या दिव्यात ते तुकडे एकामागून एक पेटत गेले. एका टायरगाडीजवळ आमची गाडी थांबली. ऊस इतका भरलेला की बैल त्याखालून नुकतेच उगवल्यासारखे दिसत होते. वर, उसाच्या माथ्यावर, चादर गुंडाळून एक बाई झोपली होती आणि तिच्या कुशीत काहीतरी लहान, चादरीतच. पुढे गाडीवान कासरा धरून बसलेला, तोही अर्धा झोपेत. बैलाच्या मानेवर, जूं बसतं तिथे, कातडी जाड होऊन तिला टेंगूळ आलं होतं, आणि त्यावर कुणीतरी हळद लावली होती. भाची काच खाली करून बघत राहिली. चुलतभाऊ मागच्या सीटवरून उत्साहाने माहिती देत होता. ही बीडची टोळी, मुकादमाकडून उचल घेऊन आलेली. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. बैलांना वाढे खायला मिळतात, चांगलं असतं ते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून तूप-हळद चोळतात. त्याला वाटत होतं, तो तिचं समाधान करतोय.

दुसऱ्या दिवशी तिने बिनसाखरेचा कोरा चहा घेतला. संध्याकाळपर्यंत तिला कळलं की ज्या ज्वारीची भाकरी ती आनंदाने खातेय तीही कुण्या बैलांनीच पेरली असणार. मग ती अंगणात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मामा, बैलासाठी साखर सोडायची आणि त्या वर झोपलेल्या बाईसाठी नाही सोडायची, हे कसं?” मला काही उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तर मी तरी इतकी वर्षं दोन-दोन चमचे कशाला घातली असती? पुण्याला परतल्यावर तिने साखरेचा डबा पुन्हा फडताळात पुढे आणून ठेवला. पण ती साखर चमच्याने घेताना हल्ली जराशी थांबते. तो जो क्षणभर चमचा हवेत राहतो, तेवढाच त्या बैलांचा हिस्सा.

भाजी ती ‘विषमुक्त’वाल्याकडून आणते. तो अभिमानाने सांगतो की त्याच्या शेतात रासायनिक खताचा कणही नाही, सगळं देशी गाईच्या शेणाचं आणि गोमूत्राचं जीवामृत. ती कसनुसं हसून मेथीची जुडी घेते. दुधाऐवजी बदामाचं दूध आणावं, तर बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचे. आणि तिथल्या बागा फुलल्या की परागीकरणासाठी देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकांत भरभरून आणतात. मधमाशीचा मध नाकारून तिच्या मजुरीचं दूध प्यायचं! सध्या घरात सोयाबीनचं चालू आहे. त्याच्या चहाला एक रुसलेला वास येतो, पण निदान त्याच्यामागे कुणी ट्रकमध्ये बसलेलं नाही.

गंमत अशी की एकदा हा डोळा उघडला की तो स्वयंपाकघरात थांबत नाही. तो घरभर हिंडतो. आईचं सोवळं घ्या. देवाच्या पूजेला चालणारं घरातलं सगळ्यात पवित्र वस्त्र म्हणजे तिचा जुना रेशमी मुकटा, आणि रेशीम तर कोशातल्या किड्यासकट उकळत्या पाण्यातून निघतं. हैदराबादच्या एका विणकरी तज्ज्ञाने, कुसुमा राजय्यांनी, पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचं ‘अहिंसा रेशीम’ काढलं, तेही भाचीने शोधलं. पण माणसाने हजारो वर्षं पाळलेला तो रेशमाचा पतंग बाहेर पडूनही उडू शकत नाही, थोड्याच दिवसांत मरतो, हेही तिनेच शोधलं आणि मग बराच वेळ गप्प होती. दारातली कोल्हापुरी चप्पल घ्या. कातडं म्हशीचं, पण कमावलेलं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने. म्हणजे तिच्यावर सगळे संस्कार वनस्पतींचे. ती चप्पल व्हीगन होण्याआधीची. टाकावी, तर म्हैस काही परत येत नाही. ठेवावी, तर लोक पायांकडे बघतात. त्याऐवजी जे ‘व्हीगन लेदर’ मिळतं ते प्लास्टिक, पावसाळ्यात सालपटं निघणारं आणि मग नदीत जाऊन कुठल्या माशाच्या पोटात विसावणारं. त्यामुळे ती कोल्हापुरीच घालते, तिला अंगठा शिवून घेते, आणि झिजू नये म्हणून रस्त्याच्या कडेकडेने चालते.

आणि तबला. ती लहानपणापासून शिकते. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वादी कातड्याची. सगळ्या महाराष्ट्राला तुळशीची माळ घालून शाकाहाराकडे नेणाऱ्या वारीत पाऊल पडतं ते ज्या मृदंगावर, त्याचीही तीच कथा. तबलेवाल्याने तिला कृत्रिम पुडीचा तबला दाखवला. तिने बसून वाजवला, चाटीवर, मैदानावर, शाईवर बोट फिरवलं. “चांगला आहे,” ती म्हणाली, ज्या सुरात आपण पाहुण्यांच्या मुलाचं गाणं चांगलं आहे म्हणतो. तिने तो घेतला. रियाज त्याच्यावर करते. जुना डग्गा-तबला कपाटावर आहे, कापडात बांधलेला, आणि मधूनमधून हवा दमट झाली की त्याची पुडी आपण होऊन बारीकशी कुरकुरते.

माझ्या वडिलांचा ग्रामोफोन अजून चालतो. बालगंधर्वांच्या दोन-तीन तबकड्या आहेत, 78 फेऱ्यांच्या, काचेसारख्या नाजूक. भाचीला त्या फार आवडतात. त्या लाखेच्या असतात, आणि लाख म्हणजे पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर वसती करणाऱ्या इवल्या किड्यांचा स्राव. फांद्या खरवडताना तेही त्यातच जातात. म्हणजे त्या ताना, ते लाडिक हेलकावे, एवढी वर्षं त्या किड्यांच्या अंगाखांद्यावर सुखरूप राहिले. हे तिला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. शेवटी एकदा तबकडी पुसता पुसता म्हणालो, “अगं, ही लाखेची असते बरं का.” “माहीत आहे,” ती म्हणाली. “लाव.” मग मला चेव आला आणि मी तिला सिनेमाचं सांगितलं. फिल्मवर चांदीचे कण धरून ठेवायला जिलेटिनचाच थर लागायचा, त्याला दुसरा पर्याय कुणाला सापडला नाही. 1920 च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत तर असं आढळलं की काही जिलेटिन प्रकाशाला अधिक चपळ असतं ते त्यातल्या गंधकाच्या अंशामुळे, आणि तो अंश येतो गुरांनी खाल्लेल्या मोहरीच्या रोपांमधून. तेव्हा प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ आपण ज्या पट्टीवर पाहिला, त्या पट्टीवर तुकोबांच्या पायाखाली कुठल्या तरी गाईगुरांची हाडं होती. ती क्षणभर गंभीर झाली. “पण त्यांना मोहरी आवडत होती ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, “बहुतेक.”

या पंथाचे मूळपुरुष डोनाल्ड वॉटसन. इंग्लंडातले सुतारकामाचे शिक्षक. लहानपणी नातलगाच्या शेतावर डुक्कर मारताना पाहिलं, ते विसरता आलं नाही; 1944 साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी आपल्यासारख्या मूठभरांना जमवून व्हीगन सोसायटी काढली, आणि पुढे पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. या सोसायटीने 1979 साली व्याख्या पक्की केली तेव्हा तिच्यात एक छोटी फट ठेवली: शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत. ही फट मला फार सुसंस्कृत वाटते. भाचीला ती कधी कधी पळवाट वाटते. गणपतीत ती पूजेला बसली तेव्हा तिने गुरुजींना दबकत विचारलं, की पंचामृतात दूध-दही नाही वापरलं तर चालेल का. मला वाटलं, आता व्याख्यान होणार. गुरुजींना पुढे आणखी घरं घ्यायची होती. ते म्हणाले, “जे नाही त्याच्या जागी अक्षता. देवाला वस्त्र, अलंकार रोज कुठे देतो आपण? त्या जागी अक्षताच वाहतो. चार वेळा अक्षता वाहा आणि साखर घाला.” म्हणजे विलायतकरांना जे 1979 मध्ये सुचलं ते आमच्या पूजाविधीत केव्हाचं होतं. नंतर गुरुजींनी भरपूर दुधाची कॉफी घेतली, आणि भाचीने ती स्वतः करून दिली.

या फटीतून गेलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे गांधीजी. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आपले मित्र कॅलनबाख यांच्यासह दूध सोडलं. गाईम्हशींचं शेवटचं दूध काढण्यासाठी गवळी जे ‘फुंका’सारखे अघोरी प्रकार करत, ते वाचून त्यांचं मन विटलं होतं. पुढे 1918 साली खेडा जिल्ह्यातल्या दौऱ्यात ते आजारी पडले, अगदी हाडांचा सापळा उरला. हवापालटासाठी माथेरानला नेलं. तिथलं जड पाणी मानवेना. मुंबईला परत आणलं, डॉ. दलालांनी तपासलं आणि सांगितलं, दूध घ्या, नाहीतर शरीर उभं राहणार नाही. नवसाला नाही तर निश्चयाला माणूस बांधलेला! तेव्हा खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, की शपथ गाईम्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं, आणि आत्मकथेत कबूल केलं, की शपथेचे शब्द राहिले पण आत्मा गेला. ती बोच जन्मभर राहिली, शेळीही राहिली. भाची मला हे वाचून दाखवत होती. आई ऐकत होती. हल्ली तिला नेमकं तेच ऐकू येतं. “शहाणी बाई हो,” ती कस्तुरबांविषयी म्हणाली. मग थोड्या वेळाने, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाली, “आमच्याकडे रेडकू मेलं होतं.”

तिच्या माहेरची गोष्ट. म्हैस पान्हा सोडेना. मग गड्याने त्या मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते गव्हाणीशी उभं केलं. म्हैस त्याला चाटायची. रोज चाटायची, इतकं की पाठीवरचे केस जाऊन कातडं गुळगुळीत झालं, आणि एका बाजूने शिवण उसवून पेंढा बाहेर यायला लागला. तरी चाटायची आणि पान्हा सोडायची. “तिला कळत नसेल का गं आजी?” भाचीने विचारलं. “कळत असेल,” आई म्हणाली. “पेंढ्याचा वास का येत नाही? पण चाटायची.” आणि जरा वेळाने, “दूध आम्ही प्यायचो हं. गोड होतं.” हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. एवढ्या वर्षांत तिने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. कुणी तिला विचारण्याजोगं घरात नव्हतं म्हणून असेल.

लग्नाकार्यात भाचीची नेहमी परीक्षा असते. श्रीखंडाची वाटी हातात असली की माणसाला जगदीशचंद्र बोस हमखास आठवतात. “झाडांना जीव नसतो का?” असं विचारणाऱ्या काकांनी आयुष्यात एक रोपटं लावलेलं नसतं, पण त्या दिवशी पंक्तीतल्या काकडीसाठी त्यांचं काळीज तुटत असतं. कुणी म्हणतं, मग डास मारतेस ना? कुणी तिच्या पर्सकडे बघतं, कुणी मोबाइलच्या कव्हरकडे. तिच्यात एक चूक सापडली की सगळ्यांना केवढं हायसं वाटतं! मी हे बरेचदा पाहिलं आहे आणि मला त्या काकांचंही आश्चर्य वाटत नाही. आमच्या वागण्यात विसंगती नाही, कारण आम्ही हिशेबाची वहीच ठेवलेली नाही. कोऱ्या वहीत बेरीज चुकत नाही. ही रोज नोंद करते, म्हणून हिची खाडाखोड दिसते. आणि त्या खाडाखोडीतून, आमच्या घरात वर्षानुवर्षं बिनबोभाट राबत असलेले बैल, म्हशी, बोकड, मेंढ्या, किडे, मधमाश्या एकेक करून दाराशी येऊन उभे राहिले आहेत. आम्हाला त्यांची नावं ठाऊक होती, ते इथे राहतात हे ठाऊक नव्हतं.

या सगळ्याची लागण शेवटी आईलाच झाली. मागे तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी कॅप्सूल लिहायला पेन उचललं तशी ती पुढे झुकून म्हणाली, “ती कशाची करतात हो?” डॉक्टर गोंधळले. “नाही, कवच हाडांचं असतं म्हणतात. मला साधी गोळी द्या.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाण्याकडे हसतो तसा हसलो. रस्ताभर ती स्वतःवर खूश होती. घरी येऊन जेवायला बसली, तर ताटात वाफाळता भात, त्यावर पिवळं वरण, शेजारी लिंबाची फोड. भाचीने नेहमीप्रमाणे तुपाची वाटी आणली आणि चमच्याने तिच्या वरणावर धार सोडली. आजीची कॅप्सूल आणि आजीचं तूप, यांबद्दल ती अक्षर बोलली नाही.

“घाल की आणखी,” आई म्हणाली, “इतका हात आखडायला ते काय तुझं आहे?”